प्रवास किती दिवसांचा

सोलापूरच्या आमच्या गल्लीत दोन प्रश्न जोडीनं राहतात. ‘कधी आलीस गं?’ असं विचारणारी जीभ टाळूला लागायच्या आत ‘आणि परत कधी?’ असंही विचारून मोकळी होते. विचारणाऱ्या काकूंच्या एका हातात भाजीची पिशवी असते, दुसरा हात उन्हाला आडवा धरलेला असतो आणि त्यांना तारीख मुळीच नको असते. मी दारात उभी दिसले, एवढ्याची पोच त्यांना द्यायची असते. मी म्हणते, ‘आहे की अजून.’ तेवढ्यावर त्या पुढे जातात, त्यांच्या चपलांचा आवाज पलीकडच्या यंत्रमागांच्या खटखटीत विरून जातो आणि माझं ते ‘अजून’ उंबऱ्यावर ताटकळत राहतं.

अमेरिकेतल्या नेवार्कच्या विमानतळावर हेच दोन प्रश्न येतात, फक्त त्यांचा सूर वेगळा. किती दिवस बाहेर होता? कशासाठी? काचेमागच्या माणसाला पोच नको असते, हिशेब हवा असतो. पाय सुजलेले, डोळ्यांत रात्रभराची कोरडी झोप, ओढणीला अजून आईच्या खोलीतल्या तेलाचा वास, आणि तो पासपोर्टाची पानं मागेपुढे करतो आहे, मुंबईच्या शिक्क्यांवर बोट ठेवून थबकतो आहे, माझ्याकडे पाहतो आहे, पुन्हा पडद्याकडे पाहतो आहे. एखादा अधिकारी ‘वेलकम होम’ म्हणतो. एखादा काहीच म्हणत नाही.

दोघांनाही मी ‘थँक यू’ म्हणते.

अमेरिकेत कायमचं राहू देणाऱ्या हिरव्या कार्डाचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, हिरवा रंग काही सलग टिकलेला नाही. १९६४ साली ते निळं झालं, पुढं त्यावर गुलाबी छटा आल्या आणि २०१० मध्ये ते पुन्हा हिरवं झालं. कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असते, आणि ती वाचून माणूस निर्धास्त होतो. न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर, मिठाईच्या दुकानाबाहेर कागदी कपातला चहा घेऊन उभे राहिलेले निवृत्त काका-काकू एकमेकांना धीर देत असतात: ‘सहा महिन्यांच्या आत एक चक्कर मारून यायचं, बस्स.’ मुलाकडे सहा महिने, गावाकडे सहा महिने, दोन्हीकडे औषधांचे डबे, दोन्हीकडे चष्मे. सहा महिन्यांचा आकडा त्यांनी कुठून तरी ऐकलेला असतो आणि तो अगदीच खोटाही नाही. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं की परत येणाऱ्याकडे कायदा नव्यानं आत येऊ पाहणाऱ्यासारखं बघू शकतो. वर्ष उलटलं की नुसतं कार्ड दाखवून आत येता येत नाही. पण सहा महिन्यांच्या आत ये-जा केली म्हणजे सगळं भागलं, असंही नाही. हे त्या काकांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचा चहा गार होत असतो.

कधी कधी वाटतं, कॅनडाचा कायदा बरा. टोरांटोजवळची माझी मैत्रीण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेन्सिलीनं खुणा करते. पाच वर्षांत ७३० दिवस तिथं काढले की तिच्या मनात कुणी डोकावत नाही. अमेरिकेचा कायदा दिवस मोजतो खरा, पण दिवसांपाशी थांबत नाही. तो विचारतो, गेलात तेव्हा परत यायचं मनात होतं का? आणि अजून आहे का? मन तर बाहेर काढून कुणाच्या टेबलावर ठेवता येत नाही. म्हणून कागद ठेवायचे. विजेचं बिल. घराचा विमा. गाडी चालवायचा परवाना. बँकेचं खातं. रहिवासी म्हणून भरलेल्या आयकराची प्रत. कारण ‘मी इथली रहिवासी नाही’ असं सांगून कर भरला, तर तीच घर सोडल्याची कबुली ठरू शकते.

ज्या हिवाळ्यात मी आणि नवरा, आम्ही दोघंही सोलापुरात होतो, त्या हिवाळ्यात न्यू जर्सीतलं घर रिकामं होतं आणि तरी तापत होतं. नळांतलं पाणी गोठून पाइप फुटू नयेत, म्हणून थर्मोस्टॅट पंचावन्न फॅरनहाइटवर ठेवून निघायचं असतं. इकडे चार वाजताचं ऊन आईच्या पलंगाच्या पायाशी येऊन बसलेलं असायचं, कडुनिंबाची सावली भिंतीवर हलत असायची, आणि मला तिथली पहाट दिसायची: तळघरातली भट्टी आपसूक पेटली असेल, जमिनीलगतच्या जाळ्यांतून उबेचा एक लांब उसासा निघाला असेल, तो रिकाम्या खुर्च्यांवरून, न उघडलेल्या टपालावरून, मी घाईत उलटा ठेवलेल्या कपावरून फिरत जिना चढून वर गेला असेल आणि कुणाच्याही अंगाला न लागता खिडकीच्या काचेपाशी विझला असेल. महिनाअखेर त्या उबेचं बिल माझ्या नावानं यायचं. मी ते फाइलीत लावायची, मी तिथं राहत असल्याचा पुरावा म्हणून.

मी नसतानाचा माझा सर्वांत पक्का पुरावा.

या सगळ्यात मला एक बाई भेटली. म्हणजे कागदावर भेटली. १९७५ च्या एका निवाड्यातली, जमैकाची. वर्षाचे अकरा महिने ती जमैकात आपलं भाडेकरू ठेवायचं घर चालवायची आणि दर वर्षी महिनाभर अमेरिकेत येऊन राहायची, कार्ड शाबूत राहावं म्हणून. स्थलांतराच्या अपील मंडळानं म्हटलं, दर्जा टिकवायची नुसती इच्छा पुरेशी नाही. खरं घर कुठं आहे ते पाहायला हवं. आणि खरं घर तर जमैकात होतं. निवाडा तेवढंच सांगतो. तिचा व्हरांडा, तिच्या किल्ल्यांचा जुडगा, भाडेकरू निघून गेल्यावर ती झटकत असेल त्या चादरी, हे सगळं मी माझ्या मनानं रचलं आहे. गंमत अशी, की त्याच्या आदल्याच वर्षी, १९७४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मेक्सिकोत आणि कॅनडात घरं असलेल्या आणि कामापुरती सीमा ओलांडून येणाऱ्या मजुरांना ‘परतणारे रहिवासी’ मानायची जुनी पद्धत उचलून धरली होती. कुणी रोज सकाळी येई, कुणी हंगामाला. आणि प्रत्येक वेळी ते कायद्याच्या लेखी घरी परतत असत. शेतांना हात हवे होते. जमैकातल्या बाईचे हात तिच्या स्वतःच्या घरात गुंतलेले होते. कायद्याला कल्पनाशक्ती नसते असं म्हणतात, ते मला पटत नाही. ती असते, कुणासाठी वापरायची ते तो ठरवतो.

सोलापूरच्या बाहेर पडलं, मंगळवेढ्याच्या वाटेला लागलं, की काळ्या रानातली ज्वारी सुरू होते. हिवाळ्यात त्या ज्वारीवर भोरड्या उतरतात. आधी आभाळाच्या कडेला एक डाग दिसतो, मग तो डाग लांबतो, वळतो, आपल्यातच मिटतो, उलगडतो, आणि हजारो पंखांचा एकच सळसळता आवाज अंगावरून जातो. राखणीला मचाणावर बसलेला पोरगा गोफण गरगर फिरवतो, आरोळी ठोकतो, डाग पुन्हा वर उठतो. या पाखरांची घरटी इथं नसतात. ती पूर्व युरोपात, मध्य आशियाच्या गवताळ माळांवर, टोळ-नाकतोडे मुबलक असतील तिथं. जुलै-ऑगस्टपासून ती आपल्या देशात यायला लागतात आणि एप्रिल सरता सरता निघतात. वर्षातला बराचसा काळ त्यांच्या चोचीत आपली ज्वारी असते, त्यांच्या पिसांवर आपलं ऊन असतं, आणि तरी पक्ष्यांच्या पुस्तकांत त्यांची नोंद पाहुणे म्हणून होते. अंडी जिथं, घर तिथं. पक्षितज्ज्ञांचा हा दंडक आणि जमैकाच्या बाईचा निवाडा शेजारी शेजारी ठेवले की माझा गोंधळ उडतो. तिचे अकरा महिने धरले गेले, भोरडीचे धरले जात नाहीत.

मग आई पडली.

खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, ती वॉकर धरून उभी राहायला लागली, आणि उभं राहणं आणि चालणं यांच्यामध्ये एक लांबच लांब पट्टा असतो, तो पट्टा आमच्या घरात अंथरला गेला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मी तिच्या मागून दोन्ही हात पुढं करून चालायची, न धरता, फक्त हवेत ठेवून. दुपारच्या स्तब्धतेत वॉकरची रबरी टोकं फरशीवर दबत, मग तिचा श्वास, मग पुन्हा रबर. रात्री स्टेशनावरून गाडी सुटल्याची शिट्टी यायची. ‘ही सिद्धेश्वर,’ आई अंधारात म्हणायची, मुंबईच्या गाडीची वेळ तिच्या अंगात मुरलेली होती. तिच्या पाठीला तेल लावताना मणका न् मणका माझ्या बोटांना ओळख द्यायचा. या देहातून मी आले, हे कळायला इतकी वर्षं आणि एक मोडलेलं हाड लागलं.

अशा दीर्घ मुक्कामासाठी एक सोय आहे, री-एंट्री परमिट. दोन वर्षांपर्यंतचं मिळू शकतं. अट अशी, की अर्ज करताना अर्जदार अमेरिकेच्या भूमीवर हजर हवा. जाण्यासाठीचा कागद मागायला आधी परतून यायचं. म्हणून आईला बहिणीच्या हाती सोपवून मी परतले. पहाटे झोप येईना. उबदार घरात, उलट्या कपाशेजारी बसून मी तो अर्ज उघडला. नाव, जन्मतारीख, कार्डाचा क्रमांक, निघण्याची तारीख. आणि मग एक रकाना: प्रवास किती दिवसांचा असेल असं वाटतं?

त्या रकान्यापाशी माझा हात थांबला.

कारण तोवर माझं बरंच वाचून झालं होतं. बाहेरचा मुक्काम तात्पुरता असावा लागतो, आणि तात्पुरता म्हणजे काय, तेही न्यायालयांनी सांगून ठेवलं आहे. १९८६ च्या एका निवाड्यात ते फार नेमकं आहे: एक तर मुक्काम थोडक्या काळाचा आणि त्याचा शेवट आधी ठरलेला असावा, किंवा नजीकच्या काळात घडण्याची वाजवी शक्यता असलेल्या एखाद्या घटनेनं तो संपणार असावा. शिक्षण संपेल, प्रकल्प पुरा होईल, घर विकलं जाईल. आणि आईची शुश्रूषा? तिला संपवणाऱ्या घटना दोनच. एक, आई पूर्वीसारखी हिंडूफिरू लागेल. तिच्या वयात ते डॉक्टरही बोलून दाखवत नव्हते. आणि दुसरी. तो रकाना मला सभ्य, छापील अक्षरांत विचारत होता की तुझी आई आणखी किती दिवस जगेल असं तुला वाटतं, आणि माझ्या बाजूनं उत्तर जितकं आखूड, तितका माझा कायमचेपणा भक्कम. लांबचा आकडा लिहावा तर तिकडचं घर पातळ होतं. जवळचा लिहावा तर...

बाहेर बर्फ पडत होतं. बर्फाला आवाज नसतो, पण ते पडताना बाकीचे आवाज कमी होतात. भट्टी सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. मी आकडा लिहिला. तो किती ते सांगत नाही. तो कायद्याच्या दृष्टीनं चालण्याजोगा होता आणि माझ्या दृष्टीनं एक निर्लज्ज आकडा होता, एवढंच.

पुढं ठशांसाठी बोलावणं आलं. सरकारी दिवाणखान्याचा तो गुळगुळीत गारवा, एकेक बोट काचेवर टेकवायचं, तरुण मुलगी हातमोज्यातल्या हातानं माझं बोट अलगद वळवत होती, पडद्यावर माझ्या रेषा टेकड्यांच्या नकाशासारख्या उमटत होत्या. मला आईचा अंगठा आठवला. दर नोव्हेंबरात तिला हयातीचा दाखला द्यावा लागतो, बाबांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनीसाठी. बँकेतल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटतच नाही. जन्मभर परातीत ज्वारीच्या भाकरी थापून, तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवून त्या रेषा झिजून गेल्या आहेत. कारकून म्हणे, ‘आजी, जरा दाबा.’ आजी दाबत. यंत्र म्हणे, नाही. हल्ली चेहरा दाखवूनही चालतं. फोन समोर धरायचा आणि पडद्यावर सूचना येते, पापण्या मिटा-उघडा. आईनं पदर नीट केला, कुंकू आहे का ते मला विचारलं, मग स्वतःच ‘आता कसलं कुंकू’ म्हणून हसली आणि फोनकडं बघत इतक्या गांभीर्यानं पापण्या मिटल्या की उघडायच्याच विसरली.

‘आई, उघड.’

‘झाले का जिवंत?’ तिनं विचारलं.

मी इथं राहते, मी तिथं राहते, मी अजून आहे; माणसाला आयुष्यात किती वेळा हे सांगत फिरावं लागतं कुणास ठाऊक. २०२० च्या मार्चात आंतरराष्ट्रीय विमानं थांबली तेव्हा चार आठवड्यांसाठी आलेली माणसं महिनोन्‌महिने अडकली. ओळखीतले एक गृहस्थ रोज रात्री कॅलेंडरपुढं उभे राहत आणि उरलेले दिवस मोजत. त्यांची म्हातारी आई मात्र त्या काळात अंगानं भरली. मुलगा रोज जेवायला समोर, म्हणून.

माझं सासर मालवणच्या बाजूला. तिथल्या घराला वर्षाचे जवळजवळ सगळे महिने कुलूप असतं. शेजारचा चुलता तिन्हीसांजेला येऊन पडवीत दिवा लावून जातो. गणपतीत मुंबईहून चाकरमानी उतरतात, कौलं झाडली जातात, माटवीला हरणाची फुलं आणि कवंडाळं बांधली जातात, बंद खोल्यांतला वास आरतीच्या धुरानं बाहेर निघतो, आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा कुलूप. कुणीही त्या चाकरमान्यांना पाहुणे म्हणत नाही. सातबाऱ्यावर तर अशी नावं आहेत की त्यांची माणसं जाऊन पिढी उलटली. फेरफार कुणी केला नाही, म्हणून ते आजोबा अजून त्या खाजणाच्या तुकड्यावर उभे आहेत, सामाईक, निवांत, कुठलंही बिल न दाखवता. तलाठ्याच्या त्या दप्तराला मी पूर्वी हसायची. अंधार, वाळवी, चुकीची आडनावं, वारसांची भांडणं. त्यावरून खेटे घालून आमची माणसं थकली आहेत. तरी त्या अर्जानंतर मला ते दप्तर जरा वेगळं दिसायला लागलं. त्यानं कधी कुणाला विचारलं नाही की मन कुठं आहे.

यातून सुटायचा एक राजरस्ता आहे, तो मला सगळे सांगतात. नागरिक हो. मग वर्ष काय, दहा वर्षं सोलापुरात राहा. खरं आहे. पण नागरिकत्वासाठी आधीच्या पाच वर्षांतले निदान तीस महिने प्रत्यक्ष तिथं काढलेले असावे लागतात. आईपाशी काढलेला प्रत्येक दिवस त्या बेरजेतून वजा होतो. शिवाय भारत दोन नागरिकत्वं मानत नाही, तेव्हा निळा पासपोर्ट परत करायचा. त्याच्या शेवटच्या पानावर माझ्या बाबांचं नाव छापलेलं आहे, त्याखाली आईचं, आणि त्याखाली सोलापूरचा पत्ता. आईपाशी बिनघोर राहता यावं म्हणून आईचं नाव असलेला कागद सोडून द्यायचा. मैत्रीण म्हणते, ‘अगं, नाव काय कागदावर असतं का? ओसीआय काढ आणि ये खुशाल.’ ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इकडे येऊन राहता यावं यासाठीचं कार्ड. ती बरोबर बोलते. मी ‘हो’ म्हणते. नागरिकत्वाच्या अर्जाचं पानही मी दोनदा उघडलं आहे.

परमिट झालं. पुन्हा सोलापूर, पुन्हा वॉकरची रबरी टोकं, गॅसवर आधणाची गुणगुण, कडुनिंबाची सावली आता भिंतीच्या दुसऱ्या टोकाला. काकू दारावरून गेल्या, ‘कधी आलीस? परत कधी?’ आणि मी आत वळले तर आई पलंगावर उठून बसली होती. तिनं ऐकलं होतं. तिला मी त्या रकान्याचं कधीतरी हसण्यावारी सांगितलं होतं, म्हणजे अर्धंच. उरलेलं तिनं आपलं आपण जुळवलं असणार.

‘किती लिहिलीस माझी तारीख?’ ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. उशी सारखी केली.

‘लांबची लिहायची नाही. साहेबाला संशय येतो,’ ती म्हणाली, आणि मग वॉकर पुढं ओढत, माझ्या हाताला हिसका देत, ‘सोड, मी उठते. तू आपली एक फेरी करून ये तिकडची, हजेरी लागू दे. येताना बदाम आण. मागच्या बारीसारखे खारे आणू नको, कवळीत अडकतात.’